एजंटचा फोन आला आहे, शाळा बदलावी का?

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव प्रसिद्ध करू नये ही तुमची विनंती मान्य आहे. इतर वाचकांसाठी पत्रातला मजकूर मात्र थोडक्यात सांगणे भाग आहे. तुम्ही सिडनीच्या पश्चिम भागात, पॅरामॅटाच्या आसपास राहता. थोरला मुलगा सोळा वर्षांचा असून प्रवेश परीक्षा देऊन मिळवलेल्या सिलेक्टिव्ह शाळेत दहावीत शिकतो आणि लहानपणापासून वस्तीतल्या क्लबकडून रग्बी लीग, म्हणजे तेरा जणांच्या संघाची रग्बी, खेळतो. यंदा त्याला सतरा वर्षांखालील हॅरल्ड मॅथ्यूज कपच्या संघाच्या तयारीसाठी बोलावणे आले. पाठोपाठ एका एजंटचा फोन आला. मुलाने जानेवारीपासून रग्बी लीगसाठी नाव असलेल्या एका शाळेत जावे, फीमध्ये सवलत मिळवून देऊ, असे त्याने सुचवले. मुलगा तेव्हापासून हवेत आहे, यजमान म्हणतात की हाडे मोडून घ्यायला आपण एवढ्या लांब आलो नाही, आणि साताऱ्याला आजी-आजोबांना अजून कुणी काही सांगितलेले नाही. तुम्ही विचारता की यात पोटापुरते मिळते का, शरीराचे काय होते आणि शाळा बदलावी का.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकणे बरे. शाळा बदलू नका, आणि खेळही थांबवू नका. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत असे आज तुमच्या घरात सगळेच गृहीत धरून चालले आहेत. माझ्या मते हे गृहीतकच चुकीचे आहे. हा खेळ मुलाला घेणार की सोडून देणार याचा निर्णय सोळाव्या वर्षी होत नाही. तो अठराव्या ते एकविसाव्या वर्षांच्या दरम्यान होतो आणि तो प्रामुख्याने क्लबच्या हातात असतो. तुमच्या हातात आहे ते एवढेच, की तो दिवस येईल तेव्हा मुलाचे डोके, गुडघे आणि बारावीचे प्रमाणपत्र शाबूत असावे.

पायऱ्या कशा आहेत ते यजमानांना नीट सांगा, कारण त्यांच्या रागामागे थोडेफार अज्ञानही असावे. हॅरल्ड मॅथ्यूज कप ही सतरा वर्षांखालील मुलांची स्पर्धा. तिच्यानंतर एकोणीस वर्षांखालील एसजी बॉल कप आणि मग एकवीस वर्षांखालील जर्सी फ्लेग कप. तिथे वयोगट संपतात. पुढे प्रौढांची न्यू साउथ वेल्स कप आणि सर्वांत वर एनआरएल, म्हणजे राष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धा. प्रत्येक पायरीवर जागा कमी होतात आणि बाहेरून येणारी मुले वाढतात, कारण क्वीन्सलंड, न्यूझीलंड आणि पापुआ न्यू गिनीतूनही हीच मुले सिडनीच्या दारात उभी असतात. २०२३ मध्ये डॉल्फिन्स या संघाचा समावेश झाल्यापासून एनआरएलमध्ये सतरा संघ आहेत आणि प्रत्येकाच्या मुख्य यादीत तीस खेळाडू असतात, म्हणजे पाचशे दहा जागा. पर्थचा संघ २०२७ मध्ये आणि पापुआ न्यू गिनीचा २०२८ मध्ये यायचा आहे, तेव्हा थोड्या जागा वाढतील. पण त्या पाचशे दहा जागांवर दरवर्षी नवी माणसे बसत नाहीत. बहुतेक खुर्च्या आधीच भरलेल्या असतात आणि रिकाम्या होतात त्या कुणाचा तरी गुडघा गेल्यामुळे किंवा करार न वाढल्यामुळे.

पैशाबद्दल यजमानांना जेवढे वाटते तेवढे वाईट चित्र नाही, आणि मुलाला वाटते तेवढे चांगलेही नाही. वरच्या पायरीवरच्या खेळाडूंचे उत्पन्न सामूहिक कराराने बांधलेले आहे. २०२३ चा करार होण्याआधी खेळाडू संघटना आणि एनआरएल यांच्यात महिनोन्‌महिने रस्सीखेच चालली होती. त्या मोसमात खेळाडूंनी आपल्या जर्सीवरचे एनआरएलचे बोधचिन्ह चिकटपट्टीने झाकून सामने खेळले. अखेर झालेल्या करारात मुख्य यादीतल्या खेळाडूचे किमान वार्षिक वेतन १ लाख २० हजार डॉलरपासून सुरू करून २०२७ पर्यंत दीड लाखापर्यंत नेण्याचे ठरले. सिडनीत हा चांगला पगार आहे, पण तुमच्या यजमानांच्या क्षेत्रातला पाच-सात वर्षांचा अनुभव असलेला माणूस त्याच्या आसपास कमावतोच, आणि त्याला तिशीनंतर कुणी घरी पाठवत नाही. कर वजा होतो, एजंटचा वाटा वजा होतो, आणि करार बहुधा एक-दोन वर्षांचा असतो. वर्षाला आठ-दहा लाख डॉलर मिळवणारे खेळाडू आहेत, पण ते थोडेच. त्याखालच्या पायरीवर, न्यू साउथ वेल्स कपमध्ये, बहुसंख्य खेळाडू दिवसा इलेक्ट्रिशियन, सुतार, शिक्षक किंवा गोदामातले कामगार असतात आणि संध्याकाळी सरावाला येतात. सामन्यामागे मिळणाऱ्या मानधनावर घरभाडे निघत नाही.

यात लाजण्यासारखे काही नाही, उलट हीच या खेळाची मूळ रीत आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडचे गिरणी कामगार आणि खाणकामगार शनिवारी सामन्यासाठी रजा घेत तेव्हा त्यांची मजुरी बुडे. ती भरून द्यावी की नाही या वादातून २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब रग्बी युनियनपासून वेगळे झाले आणि पुढे त्यातून रग्बी लीग आकाराला आली. सुरुवातीची भरपाई दिवसाला सहा शिलिंग होती. १८९८ मध्ये उघडपणे पैसे देण्याला मान्यता मिळाली, पण अट अशी होती की खेळाडूला नियमित दुसरे काम असलेच पाहिजे. म्हणजे या खेळातल्या पहिल्यावहिल्या व्यावसायिकांना दुसरी नोकरी सक्तीची होती. सिडनीत १९०८ मध्ये स्पर्धा सुरू झाली तिच्यामागेही असेच एक कारण होते: ॲलेक्स बर्डन नावाचा खेळाडू १९०७ मध्ये जखमी झाला, त्याचे काम बंद पडले आणि त्याला कुणी दमडीही दिली नाही. तुमच्या मुलाला हा इतिहास क्लबमध्ये कुणी सांगणार नाही. तो घरी सांगा, कारण "खेळ किंवा शिक्षण" ही निवड त्याच्या डोक्यात ज्यांनी घातली त्यांच्यापेक्षा हा खेळ कितीतरी जुना आहे.

अलीकडचे उदाहरणही आहे. २००८ ते २०१७ या काळात वीस वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय स्पर्धा चालली. तिचे सामने टीव्हीवर दाखवले जात, आणि एकोणीस वर्षांच्या मुलांना रस्त्यात लोक ओळखत. वय संपले की त्यातल्या बहुतेकांसाठी वर जागा नसे, आणि काल टीव्हीवर दिसलेला मुलगा सोमवारी हातात काही नसताना घरी बसे. मुलांच्या मनावर होणाऱ्या परिणामांबद्दल बरीच टीका झाली आणि शेवटी ती स्पर्धा बंद करून वयोगटाचे सामने पुन्हा राज्यांच्या पातळीवर आणले गेले. आज प्रत्येक एनआरएल क्लबमध्ये खेळाडूंच्या शिक्षणाकडे आणि मानसिक आरोग्याकडे पाहणारी माणसे नेमलेली असतात. तुमच्या क्लबमधल्या अशा व्यक्तीचे नाव मुलाला ठाऊक आहे का, हे आज रात्री जेवताना विचारा.

आता शरीराचा प्रश्न. इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण पत्रात तुम्ही ओझरते लिहिले आहे की मुलगा हूकरच्या जागी खेळतो आणि बाकी मुलांच्या मानाने अंगाने लहान आहे.

हूकर हा मैदानाच्या मध्यभागी उभा राहणारा खेळाडू. चढाई करताना प्रत्येक टॅकलनंतर, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडल्यानंतर, चेंडू बहुधा तोच उचलून सहकाऱ्याकडे देतो, आणि बचाव करताना समोरून शंभर किलोचे प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतले धिप्पाड खेळाडू, ज्या पट्ट्यात धावत येतात त्याच पट्ट्यात तो असतो. ऐंशी मिनिटांच्या प्रौढ सामन्यात हूकरने चाळीस-पन्नास टॅकल करणे ही नेहमीची गोष्ट आहे. अंगाने लहान असणे हा या जागेवर दोष नाही. कॅमेरॉन स्मिथ हा कुणाच्याही नजरेत भरणारा धिप्पाड माणूस नव्हता, तरीही मेलबर्न स्टॉर्मकडून २००२ ते २०२० या काळात तो ४३० सामने खेळला, तेही मुख्यतः हूकर म्हणून. डेमियन कुकला तर २०१३ मध्ये सेंट जॉर्ज इलावाराकडून पहिला सामना मिळाला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्यानंतर क्लब बदलत बदलत तो साउथ सिडनीला पोहोचला आणि २०१८ मध्ये, सत्ताविशीच्या उंबरठ्यावर, न्यू साउथ वेल्सकडून स्टेट ऑफ ओरिजिन ही क्वीन्सलंडविरुद्धची आंतरराज्य मालिका खेळला. पंधरा-सोळाच्या वयात जी मुले लवकर वाढतात ती निवड समितीच्या डोळ्यांत भरतात, आणि उशिरा वाढणारी वगळली जातात. म्हणून यंदा मुलगा अंतिम संघात आला नाही तर तो शेवट समजू नका, आणि आला तर त्याला वाट मोकळी झाली असेही समजू नका.

अंगाने लहान मुलाला वजन वाढवायला सांगितले की पावडरींचे डबे घरात येऊ लागतात, म्हणून इथेच एक वाक्य: बॅच तपासलेली असल्याचे प्रमाणपत्र नसलेले कोणतेही पूरक द्रव्य घरात येऊ देऊ नका, मग ते क्लबमधल्या कुणीही दिलेले असो. क्रोनला क्लबच्या २०११ मधल्या पूरक द्रव्यांच्या कार्यक्रमापायी पुढे २०१४ मध्ये अनेक खेळाडूंना बंदी स्वीकारावी लागली, आणि त्या इंजेक्शनांची व्यवस्था खेळाडूंनी स्वतः केलेली नव्हती.

टॅकलमध्ये डोक्याला मार बसतो तो बहुधा धावणाऱ्याला नव्हे, अडवणाऱ्याला. हे बाहेरून पाहणाऱ्याला उलटे वाटते. उजव्या खांद्याने टॅकल करायचा असेल तर उजवा पाय धावणाऱ्याच्या जवळ पडला पाहिजे, पाठ सरळ हवी, नजर वर हवी, आणि डोके त्याच्या शरीरासमोर न येता पाठीमागच्या बाजूला, गाल त्याच्या कमरेला टेकेल असे गेले पाहिजे. पाय लांब पडला की शरीर पुढे झुकते, मान खाली जाते, आणि डोके समोरच्या बाजूला अडकते. मग धावणाऱ्याचे गुडघे किंवा कमरेचे हाड थेट कानशिलावर बसते. पुढचा सामना पाहायला जाल तेव्हा चेंडूकडे बघू नका, मुलाचे डोके कोणत्या बाजूला जाते ते बघा, आणि विशेषतः शेवटच्या पंधरा मिनिटांत बघा, कारण दमल्यावर सगळ्यांत आधी पाय आखडतो. डोके वारंवार चुकीच्या बाजूला जात असेल तर प्रशिक्षकाला तसे सांगा. चांगला प्रशिक्षक आईचे हे निरीक्षण गांभीर्याने घेतो. जो हसण्यावारी नेतो त्याच्याबद्दल तुम्हाला महत्त्वाची माहिती फुकट मिळाली असे समजा.

मेंदूला बसणाऱ्या धक्क्याबद्दल, ज्याला तिथे कन्कशन म्हणतात, आता पूर्वीसारखी बेफिकिरी राहिलेली नाही. एनआरएलमध्ये संशय आला तरी खेळाडूला बाहेर काढून तपासतात, सामन्याचे चित्रण पाहणारे स्वतंत्र डॉक्टर असतात, आणि २०२३ पासून निदान झाल्यावर साधारणपणे अकरा दिवस खेळता येत नाही. मुलांसाठी नियम याहून कडक हवा आणि तो आहेही: ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणे पूर्ण थांबल्यावर चौदा दिवस होईपर्यंत अंगाला अंग भिडणारा सराव नाही, आणि मार बसल्यापासून किमान एकवीस दिवस सामना नाही. अडचण नियमांची नाहीच. मुलगा सांगतच नाही. अंतिम फेरी पुढच्या शनिवारी असते, संघात जागा जाण्याची भीती असते, आणि सोळा वर्षांच्या मुलाला आपण अमर आहोत अशी खात्री असते.

हे प्रकरण किती गंभीर आहे याची तुम्हाला पूर्ण कल्पना असावी. बॉइड कॉर्डनर न्यू साउथ वेल्सचा आणि ऑस्ट्रेलियाचा कर्णधार होता. डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांमुळे २०२१ मध्ये, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, त्याला खेळ सोडावा लागला. २०१९ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी दोन माजी खेळाडूंच्या मेंदूंत सीटीई हा दीर्घकालीन विकार आढळल्याचे प्रसिद्ध केले. हा विकार वर्षानुवर्षे बसणाऱ्या धक्क्यांशी जोडला जातो आणि त्याचे निश्चित निदान अजून तरी मृत्यूनंतरच होते. याशिवाय २०१४ मध्ये न्यूकॅसलच्या ॲलेक्स मॅकिननला टॅकलमध्ये मानेला झालेल्या दुखापतीसारखी घटना आहे, ज्यानंतर त्याला पुन्हा खेळता आले नाही आणि चालण्यासाठीही झगडावे लागले. अशा घटना विरळ आहेत, पण त्या घडलेल्या आहेत, आणि यजमान जे बोलतात त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही.

म्हणून मोसमाच्या आधीच घरात एक करार करा. डोक्याला काहीही लागले, डोळ्यांसमोर क्षणभर अंधारी आली, प्रकाश सहन होईना, गणितात नेहमीसारखे लक्ष लागेना, तर त्याच रात्री त्याने सांगायचे, आणि त्या बदल्यात तुम्ही दोघांनी त्या एका कारणावरून "आता खेळ कायमचा बंद" असे म्हणायचे नाही. दुसरे कलम पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. सांगितल्यावर खेळ कायमचा बंद होणार ही भीती घरातच असेल, तर मुलगा क्लबच्या डॉक्टरपेक्षाही आधी तुमच्यापासून लपवेल. एका मोसमात दोनदा कन्कशन झाले तर पुढचे काय करायचे हे मात्र तज्ज्ञ डॉक्टर ठरवतील, मुलगाही नाही आणि तुम्हीही नाही, एवढे त्याच करारात लिहा.

शाळेकडे वळू. एजंटने सुचवलेल्या शाळेत गेल्याने मुलाच्या डोक्यावर काय पडेल याचा हिशेब बहुधा कुणी तुमच्यासमोर मांडलेला नाही. हॅरल्ड मॅथ्यूज आणि एसजी बॉल या दोन्ही स्पर्धा फेब्रुवारीत सुरू होतात आणि बाद फेऱ्या धरून मेच्या आसपास संपतात. एचएससीच्या लेखी परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतात. म्हणजे सध्याच्या शाळेत राहिला तर बारावीच्या वर्षीही त्याला मोसमानंतर पाच-सहा महिने अभ्यासाला मिळतात, फक्त पहिल्या सत्रातल्या शाळेतल्या मूल्यमापनांचे नियोजन आधी करावे लागते. रग्बी लीगसाठी नावाजलेल्या शाळांच्या आपापसांतल्या स्पर्धा मात्र हिवाळ्यात चालतात. तिथे गेला तर क्लबचा मोसम संपताच शाळेचा सुरू होईल, सराव दुप्पट होईल, टॅकल दुप्पट होतील, आणि अभ्यासाचे ते पाच महिने नेमके त्यातच जातील. त्या शाळांत चांगले शिक्षण मिळत नाही असे मुळीच नाही, आणि ज्याच्यासाठी खेळ हाच शाळेत टिकून राहण्याचा धागा आहे अशा मुलाचे तिथे भले झालेले आहे. तुमच्या मुलाचे तसे नाही. क्लबची निवड समिती त्याला क्लबच्या मैदानावर पाहतेच आहे. त्यासाठी गणवेश बदलण्याची गरज नाही.

एजंटबद्दल माझे मत तुम्हाला कदाचित कठोर वाटेल. त्याचा फोन येणे हा मुलाचा गौरव नाही. असे फोन बऱ्याच घरी जातात, कारण शंभर मुलांपैकी एक जण पुढे गेला तरी धंदा चालतो. एनआरएलची अधिकृत एजंटांची नोंदणी व्यवस्था आहे. त्यात त्याचे नाव आहे का हे आधी पाहा, आणि नसेल तर बोलणे तिथेच थांबवा. असेल तर त्याला घरी बोलवायला हरकत नाही, पण त्या बैठकीत सही करायची नाही. मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत तुमच्या सहीवाचून काही होत नाही, ही तुमची खरी ताकद आहे. त्याला तीन गोष्टी विचारा: मुलाचा गुडघा फाटला आणि वर्ष वाया गेले तर तू त्या वर्षात काय करतोस, तुझ्याकडची आधीची किती मुले एकविसाव्या वर्षानंतरही खेळत आहेत आणि उरलेली काय करतात, आणि शाळा बदलण्यात तुझा स्वतःचा काही लाभ आहे का. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना तो किती वेळ घेतो तेही पाहा. कागदपत्रे आली तर ती वाचण्याचे काम यजमानांकडे द्या. करार बारकाईने वाचणारा माणूस घरात असणे ही बहुतेक खेळाडूंच्या कुटुंबांना न मिळालेली चैन आहे, आणि विरोध करणाऱ्या बापाला काही करायला मिळाले की त्याचा विरोध अधिक उपयोगी होतो.

नातेवाइकांचे म्हणाल तर आजोबांना सांगाच. पुण्या-मुंबईचे लोक अलीकडे गोंधळले आहेत, कारण २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली. पण तो सात जणांचा, रग्बी युनियनच्या घराण्यातला खेळ होता. तुमच्या मुलाचा तेरा जणांचा खेळ साताऱ्याच्या माणसाला समजवायला उलट सोपा आहे, कारण त्यात आता कुस्ती शिरली आहे. मेलबर्न स्टॉर्मने कुस्ती आणि जुजुत्सूच्या प्रशिक्षकांकडून आपल्या खेळाडूंना धरपकड शिकवायला सुरुवात केली, आणि पाहता पाहता बाकीच्या क्लबांनीही तेच केले. समोरच्याला जमिनीवर दोन सेकंद जास्त दाबून ठेवता आले की बचावाची फळी पुन्हा उभी राहते. ज्याने आयुष्यात तालमीची माती पाहिली आहे त्याला, नातवाने कुणाची कंबर कशी धरली हे व्हिडिओवर पाहताना, तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त कळेल.

"आपल्यातले कुणी यात नाही" असे मुलगा म्हणतो, असे तुम्ही लिहिले आहे. दक्षिण आशियाई माणसे या खेळात थोडी आहेत हे खरे. लीड्सकडून खेळलेला, पाकिस्तानी वंशाचा इकराम बट १९९५ मध्ये इंग्लंडच्या संघात आला, आणि पुढे त्याने ब्रिटनमधल्या आशियाई मुलांना रग्बीकडे आणण्याचे काम हाती घेतले. सिडनीतच पाहायचे तर हाझेम एल मसरी लेबननमधून लहानपणी आला, कँटरबरीकडून तेरा-चौदा मोसम खेळला, २००९ मध्ये निवृत्त झाला तेव्हा स्पर्धेतल्या सर्वाधिक गुणांचा, २,४१८ गुणांचा, विक्रम त्याच्या नावावर होता, आणि रमजानचे रोजे पाळूनही तो मैदानात उतरत असे. घरचे संस्कार आणि हा खेळ एकत्र नांदत नाहीत, अशी शंका तुमच्या पत्रात अधूनमधून डोकावते. तिला एल मसरीच्या कारकिर्दीत तरी आधार सापडत नाही.

बारावीनंतर काय, हा प्रश्न आजच सोडवायची गरज नाही, पण मुलाला दिशा माहीत असावी. खेळाडूंना सवलतीने, कमी विषय घेऊन, जास्त वर्षांत पदवी पूर्ण करू देणारी विद्यापीठे ऑस्ट्रेलियात बरीच आहेत. शिवाय चार वर्षांची इलेक्ट्रिशियनची उमेदवारी ही खेळाच्या वेळापत्रकाशी जुळणारी आणि पुढे चांगले पैसे देणारी वाट आहे. आपल्या घरांत तिचे नाव काढले की चेहरे उतरतात, ते उतरू नयेत असे मला वाटते. तो अभियंता होईल की नाही हे त्याचे तो पाहील.

आता या आठवड्यात करायचे काम. आरोग्य विम्याचे कागद काढा आणि त्यात सांध्यांच्या पुनर्रचनेची शस्त्रक्रिया अंतर्भूत आहे का ते तपासा. बेसिक श्रेणीत ती बहुधा नसते, ब्राँझपासून वर असते. कर वाचवण्यासाठी घेतलेली सगळ्यांत स्वस्त पॉलिसी बऱ्याच घरांत असते, आणि मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनेच्या यादीतल्या उपचारांचा वरचा खर्च क्लबच्या अपघात विम्यातून कायद्यानेच मिळू शकत नाही. गुडघ्याचा अस्थिबंध फाटला तर सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी प्रतीक्षा करावी लागते, आणि त्यानंतर मैदानात परतायला नऊ ते बारा महिने लागतात. पॉलिसी आज वाढवली तरी आधीपासून असलेल्या तक्रारींसाठी बारा महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो, म्हणून मुलाचा गुडघा किंवा खांदा पहिल्यांदा दुखायच्या आधी हे काम झालेले असले पाहिजे. सरावाचा जोर नोव्हेंबरपासून वाढतो.